इनासची मरिया चुकली नव्हती

वसईजवळच्या आमच्या पापडी गावात अजूनही कुणाचं काम ऐनवेळी फसलं, की एखादा हसून म्हणतो, "इनासची मरिया चुकली." मांडवात जनरेटर बंद पडला, वरणात मीठ जास्त झालं, पोरगा एका मार्काने राहिला, कुठेही हे वाक्य चालतं. यंदा उन्हाळ्यात समोरच्या इमारतीतल्या नव्या भाडेकरूंचा मुलगा स्कूटरला किक मारून मारून थकला आणि तेच म्हणाला. इनास कोण, मरिया कोणती, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नव्हतं. मी ओट्यावर बसून ऐकलं. इनास माझा थोरला भाऊ. त्याची मरिया चुकली नव्हती. हे ज्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं तो एकटा मी, आणि मी गप्प राहिलो म्हणून ते वाक्य गावात रुजलं. हे प्रकरण मी त्यासाठी लिहितो आहे. घरात आम्ही वाडीच्या बोलीत बोलायचो. इथे सगळ्यांना कळेल अशा मराठीत मांडतो.

आमची केळीची वाडी घराच्या मागे थेट विहिरीपर्यंत होती. पहाटे पंपाचं इंजिन सुरू झालं की त्याच्या ठोक्यांवर घर जागं व्हायचं. आय चूल पेटवायची, बहीण मारी लखलखीत घासलेली कळशी कडेवर घेऊन यायची, आणि बाबा खांद्यावर टॉवेल टाकून पाटाचं पाणी कुठल्या वाफ्यात गेलं ते बघायला निघायचे. घराच्या डाव्या अंगाला एक छपरी होती. तिथे राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून आणलेली सुकेळी पानांत बांधून ठेवलेली असत, आणि त्यांच्या शेजारीच बाबांची गाडी उभी असे. पेट्रोल आणि सुकेळी यांचा एकत्र वास मला आजही कुठे आला तर मी वळून बघतो. आयची जुनी गिऱ्हाइकं तिला चिडवायची, "वहिनी, यंदाची सुकेळी लिटरला किती पळतात?" आय म्हणायची, "तुमच्या मालकांपेक्षा जास्त."

गाडी विलायती होती. बुटकी, दोघांपुरतीच, लांबलचक नाकाची, शर्यतीत पळवायला बनवलेली. बाबांनी ती तरुणपणी मायदेशी परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती, आणि लग्नाआधी ते ती मुंबईला धावपट्टीवरच्या शर्यतींत पळवत. त्यात मिळालेला एक कप आमच्या घरच्या आल्तारावर, म्हणजे देवघरात, मरियेच्या पुतळ्याशेजारी ठेवलेला असे. आय त्यात झेंडूची फुलं ठेवायची. मी कळता झालो तोवर गाडी म्हातारी झाली होती. तिचे भाग मिळत नसत. जे मिळत नाही ते इनास करायचा. ट्रकच्या टायरमधून सांध्यांत बसवायचे रबराचे बुश कापायचा, कॉर्कच्या पट्टीतून गॅस्केट कोरायचा. तिला दोन कार्बोरेटर होते आणि दोघांनी सारखाच श्वास घ्यायला हवा. तर इनास एक रबरी नळी कानाला लावून आधी एकाची सूं ऐकायचा, मग दुसऱ्याची, आणि स्क्रू केसभर फिरवायचा. त्या वेळी घरात कोणी भांडं वाजवलेलं त्याला चालत नसे. तो गोखिवऱ्याला एका कारखान्यात फिटर होता. दिवसभर तिथे लोखंड, संध्याकाळी सायकलने घरी आला की चहा घेऊन पुन्हा छपरीत. फादर एकदा त्याला म्हणाले, "इनास, रोजरीला दिसत नाहीस हल्ली." तो म्हणाला, "फादर, माझी छपरीत होते."

ते खोटं नव्हतं. त्या इंजिनाच्या हेडला दहा नट होते. हेड म्हणजे इंजिनावरचं झाकण समजा, आणि त्याच्याखाली गॅस्केटचा पातळ थर. ते सगळीकडून सारखं दाबलं गेलं नाही तर आतलं पाणी आणि आग एकत्र येतात. नट मधून सुरुवात करून बाहेर बाहेर जात, थोडे थोडे आवळायचे असतात, आणि घाई चालत नाही. इनासने त्यासाठी स्वतःची रीत काढली होती. एका नटाला थोडा पीळ द्यायचा, एक 'नमो मरिया' मनात म्हणायची, मग पुढचा नट. दहा नट, जपमाळेचे दहा मणी. दहा झाले की 'आमच्या बापा' म्हणून पुन्हा पहिल्यापासून. आमच्यात संध्याकाळची रोजरी सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली, तिची लय चुकत नाही. म्हणून त्याचा हातही चुकत नसे. बाबा दारातून बघत आणि म्हणत, "चाललाय माझ्या इंजिनाचा बाप्तिस्मा." पण ते थट्टेतही खूश असत. आपल्याला जमलं नाही ते पोराला जमतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं त्या पाण्यावर येऊन थांबतं. आमची विहीर गावात नावाजलेली होती. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून, गाणी म्हणत विहिरीवर जातात आणि नवऱ्या मुलीच्या आंघोळीचं पाणी आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. आमच्या आळीतल्या कितीतरी मुलींचं उंबराचं पाणी आमच्या विहिरीचं होतं. बाबांना त्याचा अभिमान शर्यतीच्या कपाहून मोठा. पाहुण्याला चहाआधी तांब्याभर पाणी देत आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसत.

पण जागोजाग पंप बसले, उपसा वाढला, आणि विहिरीत खारेपणा उतरला. एकदम नाही, जसं माणसाला चष्मा लागतो तसं हळूहळू. पहिल्यांदा आयच्या लक्षात आलं, कारण डाळ शिजेना. मग साबणाला फेस येईना. बाबांनी वाडीतल्या पिवळ्या पडलेल्या पानवेली काढून टाकल्या आणि म्हणाले, पानाला आता गिऱ्हाईक राहिलं नाही. खाडीकडून मासळी घेऊन येणारी हिरू आमच्याकडे घोटभर पाणी मागून प्यायची. एक दिवस तिने घोट तोंडातच धरला, आणि गिळून म्हणाली, "वयनी, तुमचं पानी आमच्या खाडीचं भावंड झालं गो." आयने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. बाबा घरात होते.

त्यानंतर आमच्या घरात एक नाटक सुरू झालं, विहीर अजून गोडच आहे असं बाबांसमोर सगळ्यांनी वागायचं. पावसाळ्यात कौलांची पागोळी पन्हळीतून रांजणात धरलेली असायची. ते पाणी खरं तर इनासने गाडीसाठी साठवलेलं. शर्यतीच्या काळात बाबांनी इंजिनावर लोखंडाऐवजी अल्युमिनियमचं हलकं हेड बसवून घेतलं होतं, आणि इनासने मला बजावलेलं, "जुज्या, अल्युमिनियमला खारं पाणी लागलं की ते आतून पोखरत जातं. वरून काही दिसत नाही. रेडिएटरमध्ये फक्त पावसाचं." जुना रेडिएटर झिरपायचा, दर थोड्या दिवसांनी तांब्या-दोन तांबे घालावे लागत, आणि इनास कारखान्यात असल्यामुळे ते काम माझं. मी तेव्हा वसईला कॉलेजात होतो, सकाळचे तास संपवून दुपारी घरी.

मारीचं लग्न ठरलं ते नाताळात. मुलगा निर्मळ गावचा, लग्न तिकडच्या चर्चमध्ये, ईस्टर झाल्यावर. बाबांनी ठरवलं की पोरीला ते स्वतः गाडीतून नेणार. नाताळच्या सुट्टीत इनासने हेड उतरवलं, घासलं, नवं गॅस्केट घातलं आणि दहा नट जपून आवळले. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. बाबांनी तिचा आवाज ऐकला आणि आत जाऊन कपातली सुकलेली फुलं बदलली.

मग उपवासकाळ आला. मटण-मासे कमी, रोज डाळ. एका दुपारी मी रांजणातून तांब्या भरायला गेलो तर आय आधीच तिथे वाकलेली. रांजणाचा तळ दिसत होता. मी म्हणालो, "आय, हे गाडीचं आहे."

"गाडी काय जेवते का?" ती म्हणाली. "विहिरीच्या पाण्यात डाळ टाकली तर ती खड्यासारखी राहते. ती ताटात आली तर तुझे बाबा काय म्हणतील? काही म्हणणार नाहीत. नुसते बघतील. मला ते बघायचं नाही."

मी रिकामा तांब्या घेऊन छपरीत आलो. तेवढ्यात बाबा वाडीतून आले. म्हणाले, "पाणी घालतोस ना? मग विहिरीचं घे की. घरचं अमृत सोडून ते रांजणातलं शेवाळ कशाला?" त्यांच्या आवाजात एक प्रकारची विनवणी होती, असं आता वाटतं. मी कळशी विहिरीत सोडली. ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि मी रेडिएटर भरला. संध्याकाळी इनास आला, रॉकेलने हात पुसत म्हणाला, "पाणी घातलंस? कुठलं?"

"पावसाचं," मी म्हणालो.

ते एकदा म्हटल्यावर पुढे सोपं गेलं. ईस्टरपर्यंत तो विचारत राहिला आणि मी तेच सांगत राहिलो. शेजारच्या आळीत तोवर गोड पाण्याची एक विहीर होती, सायकलवर डबा बांधून आणता आलं असतं. उन्हाचा कंटाळा केला. इतकंच. ह्याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ वर्षं प्रयत्न केला, सापडलं नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत आमच्या विहिरीवर आल्या. मारीच्या डोक्यावरून पाणी ओतलं, आणि एक मावशी ओल्या हाताला जीभ लावून म्हणाली, "पाणी जरा जड झालंय का गं?" आयने मोठ्याने पुढचं गाणं उचललं आणि सगळ्या तिच्यामागे गाऊ लागल्या. बाबा आंब्याखाली उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा सुटात, मारी पांढऱ्या झग्यात, गाडीच्या बॉनेटवर मोगऱ्याची माळ. मागे टॅक्सीत इनास आणि मी, माझ्या पायांशी पाण्याचा डबा, तिच्या मागे बँडवाल्यांचा टेम्पो. गास गावापर्यंत गाडी सुरेख गेली. तिथे भाजीच्या शेतांमधून रस्ता जातो. बाबांनी पोरीला दाखवायला जरा जोर दिला, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर आला. आधी थोडा, मग ढगासारखा. गाडी दोनदा खोकली आणि कडेला थांबली.

इनास टॅक्सी थांबायच्या आतच उतरला. बॉनेट उघडलं तर वाफेने कोणाला काही दिसेना. माणसं जमली. बँडवाले वाद्यं गळ्यात अडकवून आले. बाबा गाडीतून उतरले, त्यांनी धूर बघितला, वास घेतला, आणि त्यांना कळलं की पाणी सिलेंडरमध्ये उतरलंय. ते कधी ओरडत नसत. त्या दिवशीही ओरडले नाहीत.

"दहा नट," ते म्हणाले. "दहा मरिया. त्यातली एक चुकलास. देवाचं नाव घेऊन माझ्या पोरीला रस्त्यात उभी केलीस."

कोणीतरी हसलं. क्लॅरिनेटवाला शेजाऱ्याला म्हणाला, "इनासची मरिया चुकली," आणि ते मागे मागे पसरत गेलं. इनासचा चेहरा वाफेने ओला होता. तो म्हणाला, "बाबा, मी नट पुन्हा बघतो. डबा दे रे जुज्या, थोडं पाणी घालून बघू."

मी टॅक्सीच्या पलीकडे उभा होतो. डब्यात विहिरीचंच पाणी होतं. इनासच्या बोटांवर ते पडलं असतं, त्याने चाखलं असतं आणि सगळं उघड झालं असतं. मी डबा शेताच्या पाटात उपडा केला. मग म्हणालो, "रिकामा आहे."

"राहू दे," बाबा म्हणाले. "तू पुन्हा हिला हात लावायचा नाही."

मारीनेच सगळं सोडवलं. निर्मळहून वाट बघायला आलेला नवऱ्याचा मामा स्कूटर घेऊन उभा होता. तिने झगा गोळा केला, डोक्यावरचा व्हेल काखेत धरला आणि त्याच्यामागे बसली. "बाबा, मी पुढे जाते. फादर थांबायचे नाहीत. तुम्ही भांडण आवरून या." लग्न लागलं, जेवणं झाली, तळणीतले फुगे आणि मटण सगळ्यांना पुरलं, लोक नाचले. इनास पंगतीत वाढत होता. पाण्याचा तांब्या उचलला की कोणीतरी मरियेवरून हसायचं, म्हणून त्याने पाणी मात्र कोणालाच वाढलं नाही. ते काम दुसऱ्याला दिलं.

गाडी ओढून आणून छपरीत लावली आणि तिच्यावर ताडपत्री पडली. हेड कोणी उघडलंच नाही, म्हणून आतलं कोणाला दिसलं नाही. इनासने एकदा विचारलं, बाबांनी नाही म्हणून मान हलवली. मी रोज ठरवायचो की आज सांगू. पण इनासला सांगायचं तर बाबांना सांगावं लागणार, आणि बाबांना सांगायचं म्हणजे, तुमची विहीर खारी झाली, घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आय तुम्हाला पावसाच्या पाण्यातली डाळ वाढते. ते मी बोलू शकलो नाही. ही सबब खरी आहे, पण तिच्या आड माझी स्वतःची भीतीही व्यवस्थित मावत होती. इनासने कारखाना सोडला आणि आखातात गेला. तिथे चांगलं वर्कशॉप मिळत असताना त्याने गोदामात नोकरी धरली. सुट्टीवर आला तेव्हा आयने विचारलं, तर म्हणाला, "माझ्या हाताची मला खात्री नाही, आय. तिथे गाड्या जोरात पळतात. माणसं मरतील."

बाबा गेले, आय गेली. विहिरीवर आता जाळी आहे, घरात टँकरचं पाणी येतं. इनास परत आला तो पापडीत नाही, गोखिवऱ्याला फ्लॅट घेऊन राहिला. सणाला भेटायचो. छपरीकडे तो कधी वळला नाही.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी मी ताडपत्री काढली. निवृत्त माणसाला वेळ असतो, एवढंच निमित्त. नट काढताना माझा घाम निघाला. एकेकावर तेल घालून रात्रभर ठेवावं लागलं. दहाही सारखे घट्ट होते. हेड उचललं तर गॅस्केट शाबूत, आणि पाणी जायच्या वाटा पांढऱ्या भुकटीने भरलेल्या. एका ठिकाणी अल्युमिनियम खाऊन थेट सिलेंडरच्या बाजूला भोक पडलं होतं, करंगळीचं टोक जाईल एवढं. मी इनासला फोन केला.

तो रिक्षाने आला. छपरीत स्टुलावर बसवून मी त्याला सगळं सांगितलं. तांब्या, आय, बाबा, रोजचं 'पावसाचं', पाटात ओतलेला डबा. हेड मांडीवर घेऊन त्याने भोकात करंगळी घातली.

"आणि नट?"

"घट्ट होते."

"सगळे?"

"दहाच्या दहा."

त्याने हात उलटे-सुलटे करून बघितले. म्हाताऱ्याचे हात. "उभं आयुष्य मी खोकी मोजली, जुज्या," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला. माझ्या बायकोने चहा आणला होता, तो तसाच राहिला. हेड पोत्यात गुंडाळून त्याने रिक्षात ठेवलं आणि गेला. पाऊस सुरू झाला, जोरात पडला, त्याचा फोन आला नाही. मी केला तर त्याने उचलला नाही. मला वाटलं, असंच संपायचं असेल आणि ते बरोबरच आहे.

गणपतीच्या सुमारास एका सकाळी तो दारात उभा. पोत्यात हेड होतं, भोक धातू वितळवून भरलेलं, खालची बाजू मशीनवर घासून आरशासारखी केलेली. गोखिवऱ्याला कोणाकडून तरी समोर बसून करून घेतलं होतं. गॅस्केट त्याने स्वतः कापलं होतं. माझ्याशी तो फक्त कामाचं बोलला. "पाना सरळ धर. माझा हात हलतो." मी पाना नटावर धरायचा आणि तो पीळ द्यायचा. मरिया त्याने या वेळी मनात म्हटली नाही. मोठ्याने म्हटली, एकेक शब्द, आळीतल्या कोणालाही ऐकू जाईल अशी. समोरच्या इमारतीतला तो स्कूटरवाला मुलगा येऊन कठड्याशी टेकला आणि बघत राहिला. दहा झाल्यावर इनास थांबला, मी 'आमच्या बापा' सुरू केली, त्याने माझ्याबरोबर पूर्ण केली, आणि आम्ही पुन्हा मधल्या नटापासून सुरुवात केली.

मग मी गच्चीच्या पन्हळीखाली ठेवलेल्या पिंपातून बादली भरून आणली. इनासने रेडिएटरचं झाकण काढलं आणि हात पुढे केला.

"कुठलं?"

"पावसाचं," मी म्हणालो.

त्याने बादली घेतली. बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि क्षणभर तोंड हलवत थांबला. मग ओतायला लागला.